गाडी आल्याचं कळलंच नाही

मुलगा दोन वर्षांसाठी परदेशी गेला आणि जाताना त्याची गाडी माझ्या दारात उभी करून गेला. नागपूरला बरी नोकरी लागल्यावर त्यानं हौसेनं घेतलेली, परदेशी कंपनीची, विजेवर चालणारी. आकारानं आखूड, पण किंमत सांगितली की आमच्या भंडाऱ्यातली माणसं चष्मा पुसून पुन्हा एकदा तिच्याकडे बघतात. "बाबा, नुसती उभी ठेवू नका. उभी राहिली का बॅटरी खराब होते. रोज थोडी तरी फिरवा," असं त्यानं मला तीनदा बजावलं. साठी उलटल्यावर रोज फिरवून आणायला मला एक कुत्रं मिळालं, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

माझी स्वतःची गाडी तेव्हा नुकतीच गेली होती. जुनी डिझेल व्हॅन होती ती. कागदांची मुदत संपली, तिला पुन्हा पास करून घेण्याइतका जीव ना तिच्यात उरला होता ना माझ्यात. भंगारवाला ओढून घेऊन गेला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसून पाहत होतो आणि उठून जवळ जावंसं काही वाटलं नाही. विणकर मंडळी तिला खटारी म्हणायची. नाव अगदी योग्य होतं. तिचा आवाज अर्धा कोस आधी गावात पोचायचा आणि मी मागून जायचो.

आमचा धंदा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या कापडाचा, वडिलांपासून चालत आलेला. विणकराच्या घरी सूत पोचवायचं, महिन्यानं जाऊन तयार साडी आणायची, दुकानात विकायची. यात काही मोठी अक्कल लागत नाही, पाय लागतात. मी धंद्यात उतरलो तेव्हा एका फेरीत चाळीसेक मागांवरून कापड गोळा व्हायचं आणि घरी यायला दिवेलागण व्हायची. मग माग एकेक करत बंद पडले. कोणाची मुलं पुण्याला गेली, कोणी किराणा टाकला, कोणी नुसताच थकला. शेवटी एकच माग उरला, कोंढ्याच्या पुढच्या एका गावात, तलावाच्या काठावर. तिथले म्हातारे विणकर आणि त्यांची बायको यांना मी मामा-मामी म्हणतो. नातं काही नाही. पंचवीस-तीस वर्षं ज्याच्या घरचा चहा पितो त्याला काहीतरी म्हणावं लागतं.

दुकान बंद करावं असं मला केव्हापासून वाटत होतं. खरं सांगायचं तर बायको गेली तेव्हापासून. त्याला तीन वर्षं झाली. सकाळी शटर वर करताना खांदा दुखायचा आणि खांद्यापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त दुखायचं. दुपारभर गिऱ्हाईक नाही, समोरच्या भांड्यांच्या दुकानातली ठोकाठोक ऐकत बसायचं. मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, बंद करून टाका न आता. कोणासाठी चालवून राहिले?" मी म्हणायचो, मामाचा माग चालू आहे, तो चालू आहे तोवर मी कसं बंद करू? या वयात त्यांनी दुसरा व्यापारी कुठे शोधायचा? मुलगा विषय बदलायचा. मी फोन ठेवून पुन्हा ठोकाठोक ऐकत बसायचो. त्या एका मागानं मला बांधून ठेवलं आहे, अशी माझी पक्की समजूत होती. कधी कधी त्या म्हाताऱ्याचा मला रागही यायचा, हेही लिहून ठेवतो.

तर गाडी.

पहिल्या दिवशी मी तिच्यात बसलो आणि ती सुरू होण्याची वाट पाहत राहिलो. ती सुरूच होती. किल्ली फिरवायची नाही, काही थरथरत नाही, काही खोकत नाही. समोरच्या काचेसारख्या पडद्यावर चित्र उजळतं आणि तेवढंच. मी दोनदा बंद केली, दोनदा सुरू केली. शेवटी शेजारच्या घड्याळजीनं खिडकीत वाकून सांगितलं, "काका, चालूच हाय थे. पाय ठेवा." पाय ठेवला, आणि गाडी अशी सुटली की पाठ खुर्चीत रुतली आणि घड्याळजी मागे दिसेनासा झाला. खटारीला वेग घ्यायला समजूत काढावी लागायची. हिला नुसतं मनात आणलेलं चालतं. हे सुख आहे की भीती, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

सगळ्यात पंचाईत झाली डाव्या पायाची. क्लच नाही, गिअर नाही, तर तो बिचारा करणार काय? चाळीस वर्षं राबलेला पाय एका दिवसात रिकामा झाला. वळणावर तो आपोआप पुढे जायचा, काही शोधायचा, काही सापडलं नाही की मुकाट्यानं मागे यायचा. उजव्याचंही काम निम्मं झालं. पाय उचलला की गाडी आपोआप मंद होते, कोणीतरी मागून पदर धरल्यासारखी, आणि म्हणे तेवढ्यात थोडी वीजही परत मिळवते. ब्रेकला हात लावायची, म्हणजे पाय लावायची, वेळ फारशी येतच नाही. महिनाभरात मी एका पायानं चालवायला शिकलो. शिकलो म्हणजे तिनं शिकवलं.

खुर्ची तर मला आवडायला नको इतकी आवडली. ती खालून गार वारा सोडते, आणि एक बटण दाबलं की कंबरेला हळूहळू दाबून देते. पहिल्यांदा दाबलं तेव्हा मी दचकून मागे पाहिलं. नंतर नंतर मात्र दुकानातून घरी येताना, रस्ता दोन मिनिटांचा असताना, मी उगाच बसस्थानकाला वळसा घालून यायचो. माणसाच्या हाताची सर त्याला नाही, पण माणसाचा हात कंबरेला लागून मला किती दिवस झाले होते ते मी मोजलेलं नाही.

बाकी सगळी तिची शिस्त. हायवेला साकोलीकडे जाताना पट्ट्याबाहेर जरा सरकलो की स्टिअरिंग घट्ट होतं, हात धरून परत आत आणतं. समोर बैल आला की टुंग. मागे स्कूटर आली की टुंग. बकऱ्यांना मात्र तिचा काही पत्ता लागत नाही, कारण तिला आवाजच नाही. बाहेरून बारीक भुणभुण येते म्हणतात, पण बकऱ्यांनी ती ऐकावी एवढी फुरसत त्यांना कुठे. खटारी दिसायच्या आधी रस्ता मोकळा व्हायचा. हिच्यासमोर शेळ्या, म्हशी, माणसं, सगळी निवांत उभी राहतात आणि मी काचेच्या आत वाट पाहत राहतो. गतिरोधक आला की वेगळीच कसरत. आमच्याकडे गतिरोधक गावकरी स्वतः घालतात आणि मन लावून घालतात. हिचं पोट बसकं, त्यामुळे प्रत्येकावरून तिरकी चढवायची आणि तिरकी उतरवायची, श्वास रोखून. त्यात पडद्याच्या कोपऱ्यातला तो टक्क्यांचा आकडा. सत्तर, अडुसष्ट, पासष्ट. दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसून सलाइनची बाटली जशी मी बघत बसायचो, तसाच त्या आकड्याकडे बघत मी गाडी चालवायचो.

आणि एक कप. हा कप मला सगळ्यात जास्त लागला. गाडीत एक बारीक कॅमेरा आहे, तो चालवणाऱ्याचे डोळे बघत असतो. पापण्या जड झाल्या, नजर हलली, की पडद्यावर वाफाळता कप उमटतो आणि खाली इंग्रजीत लिहून येतं, की तुम्ही थकलेले दिसता, थांबा, विश्रांती घ्या. पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मी वैनगंगेच्या पुलावर होतो. मी मोठ्यानं शिवी दिली. थकलेला दिसतोस, जरा थांब, असं म्हणणारं माणूस तीन वर्षांपूर्वी घरातून गेलं, आणि आता ते मला एक यंत्र सांगणार. मी थांबलो नाही. पुढे जेव्हा जेव्हा कप आला तेव्हा तेव्हा मी बटण दाबून तो घालवला.

या गाडीतून मामाच्या गावाला मी पहिल्यांदा गेलो ती धानकापणी उरकल्यानंतरची एक सकाळ होती. उन्हं कोवळी होती. पवनी रस्त्याला जागोजागी अर्ध्या डांबरावर धान वाळत घातलेलं, त्याच्या कडेला दगड मांडलेले. खटारी असती तर मी सरळ धानावरून नेली असती, सगळेच नेतात, दाणे सुटायला तेवढीच मदत. हिचं बसकं पोट धानात घासेल म्हणून बाकीच्या अर्ध्या रस्त्यानं रांगत गेलो. डोक्यात एकच गोष्ट होती. आज मामाला सांगायचं का? सांगायचं म्हणजे काय सांगायचं, की मामा, मी दमलो, तुमचा तुम्ही बघा? घरून निघताना सांगायचं ठरवलं होतं. कोंढा मागे पडेपर्यंत तो विचार मी मोडला. मागच्या कित्येक महिन्यांत हे असंच चाललं होतं.

त्या गावात शिरायची माझी एक ठरलेली रीत होती. गाडी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून यायची आणि चौकातच थांबायची, कारण मामाच्या घराकडे जाणारी गल्ली खटारीला पुरत नव्हती. चौकातून गाठोडं खांद्यावर घेऊन मी चालत जायचो. निम्म्या गल्लीत पोचलो की मामाच्या मागाचा आवाज कानावर पडायचा. मी ओसरीवर बसायचो, मामी पाणी द्यायची, आणि आत माग खटखटत राहायचा. मग तो थांबायचा आणि मामा घाम पुसत बाहेर यायचे. मागाच्या खोलीत मी कधी पाय ठेवला नाही. हा माझ्या वडिलांचा नियम. विणकराच्या मागापाशी व्यापाऱ्यानं जायचं नाही, तिथे तो मालक, आपण ओसरीवरची माणसं. तो मी चाळीस घरांत पाळला.

त्या दिवशी चौकात जागाच नव्हती. मधोमध धानाची रास, बाजूला मळणीयंत्र धडधडत होतं आणि सगळ्या हवेत कोंडा उडत होता. या गाडीवर एक ओरखडा उठला तरी मुलगा परदेशातून फोन करेल, या धास्तीनं मी गल्लीकडे पाहिलं. गाडी आखूड आहे, बघू तर खरं. पडद्यावर गाडीचं वरून काढल्यासारखं चित्र दिसतं, जणू आपण झाडावर बसून स्वतःकडे बघतो आहोत. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा. शेणाच्या गोवऱ्या, मोरी, कोणाची तरी सायकल, सगळं चुकवत ती सुईत दोरा जावा तशी गल्लीतून गेली आणि मामाच्या घराच्या मागच्या अंगणात निघाली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. बोरीच्या झाडाखाली मी ती उभी केली आणि उतरलो.

मागचं दार उघडं होतं. मागाची खोली तिथेच, अंगणाला लागून. मी आत गेलो नाही, पण उघड्या दारातून जे दिसतं ते डोळ्यांना दिसतंच.

मागावर ताणा नव्हता. एक धागासुद्धा नव्हता. एका खांबाला मच्छरदाणीची दोरी बांधलेली, आडव्या दांडीवर कांद्याच्या माळा, विणकर बसतो त्या जागी तांदळाचं पोतं. फणीच्या दातांत कोळ्यानं घर केलेलं. फक्त फणीची ती झुलती चौकट तेवढी स्वच्छ होती आणि मुठीची जागा हात लागून चकचकीत झालेली. मागाशेजारी खाटेवर मामा झोपले होते. तोंड उघडं, उशाशी डोळ्यांत टाकायच्या औषधाची बाटली. खुंटीला कापडी पिशवी, आणि तिच्यातून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडीची घडी डोकावत होती. माझ्याच सुताची साडी. एसटीच्या धुळीनं पिशवी लाल झाली होती.

मला उलगडा व्हायला वेळ लागला नाही, कारण मनातून मला तो आधीच झालेला असावा. आमच्या कोशाच्या साडीला करवती काठ असतो, करवतीच्या दातांसारखा. प्रत्येक विणकराचा दात वेगळा पडतो. मामाचा दात डावीकडे किंचित झुकायचा, डोळे मिटून बोट फिरवलं तरी मी ओळखायचो. गेल्या वर्षापासून तो सरळ यायला लागला होता. मी काय म्हणालो होतो? "मामा, या वयात हात सुधारला तुमचा." मामांनी मान खाली घातली होती आणि मला तो विनय वाटला होता.

आणि आवाज. चालत्या मागाचे आवाज दोन असतात. आडवा धागा घेऊन धोटा पळतो त्याची सर्र, आणि फणी आपटते तिची खट. सर्र-खट, सर्र-खट. उभ्या जन्मात मी हेच ऐकत आलो. गेल्या वर्षभर मामाच्या ओसरीवर बसून मी फक्त खट ऐकत होतो. नुसती खट, खट. चाळीस मागांवर कान तयार झालेला व्यापारी मी, माझ्या हे ध्यानात आलं नाही. का येऊ दिलं नाही, ते माझं मलाच माहीत.

म्हणजे खटारीचा आवाज पाळीवर आला की हा माणूस खाटेवरून उठत होता आणि रिकाम्या मागाची चौकट आपटत होता. मी चौकातून चालत येईपर्यंत. मी पाणी पीत असेपर्यंत. आज गाडी आल्याचं त्यांना कळलंच नाही.

मला लाज वाटली. त्यांची नाही, माझी. दुसऱ्याच्या घरात चोरून डोकावल्यासारखं झालं. मी मागे सरलो, गाडीत बसलो आणि आलो तसाच उलटा त्या गल्लीतून बाहेर पडलो. एक पान हललं नाही की कुत्रं भुंकलं नाही. त्या गाडीनं माझ्यावर केलेला हा उपकार मी विसरणार नाही. थेट पाळीवर जाऊन थांबलो आणि हॉर्न दाबला. तिचा हॉर्नही सभ्य, माफ करा म्हटल्यासारखा. मळणीयंत्राच्या वर जावा म्हणून मी तो तीनदा दाबला, लांबलचक. मग गाठोडं खांद्यावर टाकून पायी निघालो, नेहमीसारखा.

निम्म्या गल्लीत आवाज सुरू झाला. खट. खट. खट.

त्या जागी माझे पाय थांबले. पुढे जाववेना आणि मागेही फिरता येईना.

मामी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "आज खटारी नाही वाजली जी? हारन आयकू आला, पर थो तं आपला नाही वाटला."

"नवी गाडी हाय मामी. पोराची. खटारी गेली."

"गेली?" ती म्हणाली आणि तिनं आत पाहिलं. "मंग आता आवाज...?"

"हिले आवाज नसते."

तिनं उठून पाणी आणलं. मी तांब्या हातात घेऊन बसलो. आत खट, खट. नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललं, बहुधा हॉर्न ओळखू न आल्यानं मामांना अंदाज येत नव्हता. मध्येच खोकला. खोकला थांबला की पुन्हा खट. सत्तरीच्या पलीकडचा माणूस, डोळ्यांनी अधू, आणि माझ्यासाठी उभा राहून लाकूड आपटतो आहे. मला ते सहन होईना. मी चपला काढल्या आणि वडिलांचा नियम मोडून आत गेलो.

मामा एका हातानं खांब धरून उभे होते. दुसरा हात चौकटीवर. मला दारात पाहून त्यांचा हात थांबला, पण त्यांनी चौकट सोडली नाही.

"धागा तुटला होता," ते म्हणाले. "भरून राहिलो होतो."

"मामा, राहू द्या. मघाशी मी मांगून आलतो. तुमी झोपून होते."

चौकट त्यांच्या हातातून सुटली आणि दोनदा झुलून थांबली. मामा खाटेवर बसले. मी तांदळाच्या पोत्यावर बसलो, म्हणजे त्यांच्या जागेवर.

"कवापासून?" मी विचारलं.

"मांगच्या सालच्या दिवाळीच्या पह्यलेपासून. काठाचे दात दिसत नाही आता. मोहाडीकडं माह्या साळीची सून विनते, तिच्यापाशी नेऊन देतो सूत. यस्टीनं जातो, यस्टीनं येतो."

"पन काहून मामा? एक शब्द बोलाचं होतं न मले!"

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमीच तं म्हनले होते भाऊ. मामा, तुमचा माग हाय म्हनून माहं दुकान हाय. मंग कोन्या तोंडानं सांगू, का माग नाही?"

हे मी म्हणालो होतो. बायको गेल्यानंतरच्या पहिल्या फेरीला, इथेच ओसरीवर. काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून बोललो होतो.

"मामा, मले तं दुकान बंद कराचं होतं," मी म्हणालो. "तीन वर्सांपासून. तुमचा माग चालू हाय म्हनून मी चालवून राहिलो होतो. थकलो जी मी."

मामांनी वर पाहिलं. मग त्यांच्या छातीतून काहीतरी आलं, ते हसू होतं की खोकला ते मला आधी कळलं नाही. हसू होतं. "मी बी थकलो ना भाऊ," ते म्हणाले. "वाट पाहून राहिलो होतो, हा मानूस कवा म्हनते, का बंद करतो."

दारात मामी उभी होती. तिला हसू आलं नाही. पदरानं हात पुसत ती म्हणाली, "यायले बोल नका लावू. मीच म्हनलं होतं, आवाज करत जा म्हनून. तुमच्या घरच्या, वयनी, शेवटच्या डाव आल्या होत्या, तवा मले म्हनाल्या. मामी, आमच्या यायले घराभाईर पडाले कारन लागते. कारन नाही राह्यलं, तं हे बसून जातीन एका जागी. एवढं पाह्यजा." तिनं पदर खोचला. "मंग मी पाह्यलं."

मी तोंड फिरवलं. अंगणात बोरीखाली गाडीच्या चाकांच्या खुणा अजून होत्या. मी मुलासमोर रडलो नव्हतो, घाटावर रडलो नव्हतो. त्या मागाच्या खोलीत, कांद्याच्या माळांखाली, तांदळाच्या पोत्यावर बसून मी रडलो. दोघांपैकी कोणी मला उगी केलं नाही आणि ते फार बरं झालं.

चहा झाल्यावर मामी म्हणाली, मुकी गाडी दाखवा तरी. दोघांना बसवून मी पाळीवरून एक चक्कर मारली. मामी मागे, मामा माझ्या शेजारी. मी मामांच्या खुर्चीचं बटण दाबलं. ते आधी ताठ झाले, मग हळूहळू सैल पडले. तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांची डोंगी उभी होती, जाळं टाकणारे दोघं मान वर करून आमच्याकडे बघत होते. बराच वेळ मामा कान देऊन होते.

"हे बंद हाय का चालू?" त्यांनी विचारलं.

"चालू हाय."

"नवलच हाय," मामा म्हणाले. "आमचा माग बंद असून वाजे. तुमची गाडी चालू असून गप." आणि डोळे मिटून घेतले. गाडी पाळीच्या शेवटाला पोचेपर्यंत त्यांना झोप लागली होती. मी परत वळवलीच नाही. तिथेच सावलीत थांबलो आणि मामी आणि मी पाण्याकडे बघत बसलो.

परतताना पुलाच्या अलीकडे तो कप उमटला. थकलेले दिसता, थांबा. मी बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. गाडी कडेला लावली, खुर्ची मागे टाकली आणि दिवसाढवळ्या, रस्त्यावरून ट्रक जात असताना, तासभर झोपलो. किती वर्षांनी इतकी गाढ झोप लागली, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाला फोन लावला. दुकान बंद करतो म्हटल्यावर तो आधी घाबरला, तब्येत ठीक आहे ना म्हणाला. ठीक आहे म्हटलं. मग म्हणाला, गाडीचा त्रास होत असेल तर ती मित्राकडे पाठवून देतो, तुम्हाला आता कुठे जायचं असतं.

"गाडी राहू दे," मी म्हणालो. "महिन्यातून एकदा कोंढ्याकडं जाऊन येत जाईन."

"माग तर बंद झाला म्हणता. मग कायले जाता?"

मी थोडा वेळ शोधलं, पण कारण काही सापडलं नाही.

"असंच," मी म्हणालो.